घंटेला लागलेली होडी

नेटा गोवन्सच्या स्वयंपाकघराची खिडकी थेट बंदरावर उघडते, आणि तीच तिची पीडा. ईशान्येचा वारा सुटला की धक्क्याच्या भिंतीवरची पत्र्याची लाल होडी आपल्या काठीवर आपटायला लागायची. टक टक. मग जरा थांबून, टक. नेटाचा धाकटा भाऊ सँडी दार असंच वाजवायचा. दोनदा, मग दम खाऊन एकदा, जणू आत यायचं की नाही हे त्याचं तिथंच ठरत असावं. सँडीला समुद्रानं नेलं त्याला पंचवीस वर्षं होत आली. प्रेतसुद्धा हाती लागलं नाही. तरी टकटक झाली की नेटाच्या हातातला कप बशीवर वाजायचा, आणि मग ती स्वतःवरच खेकसायची, "गप गं बाई, पत्रा आहे तो."

पत्राच होता. पण आमच्या गार्टीहेवन गावात त्या पत्र्याला साधा पत्रा म्हणायची कोणाची छाती नाही. इथं गावासाठी काही घ्यायचं झालं की वर्गणी निघते, आणि किती जमली ते होडीवरून कळतं. भिंतीला उंच काठी, काठीला दोरी, दोरीला होडी. पैसा वाढला की होडी वर, आणि काठीच्या टोकाला पितळी घंटा. होडी घंटेला लागली की गावाचा वाटा पुरा झाला. त्याच दिवशी दुकानांतले, दारूच्या गुत्त्यांतले वर्गणीचे डबे आत घ्यायचे. घंटेनंतर मागायचं नाही, घंटेनंतर द्यायचं नाही. घंटेनंतर मागितलेलं समुद्र वसूल करतो, असं आमची म्हातारी माणसं सांगत आली. हसायचं तर खुशाल हसा. पण जे हसतात त्यांनीही घंटेनंतर डब्यात कधी दमडी टाकलेली नाही, एवढं सांगून ठेवतो.

दर शनिवारी होडी ओढायचं काम आधी नेटाच्या नवऱ्याकडे होतं. डॉड गोवन्स, वर्गणीचा खजिनदार. शांत माणूस, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. दोन वर्षांपूर्वी तो गेला आणि दोरी नेटाच्या हातात आली. तिला कोणी विचारलं नाही, तिनंही नाही म्हटलं नाही. गावाला वाटलं, म्हातारीला तेवढाच विरंगुळा. विरंगुळा कसला! ती दोरी हातात घेताना तिच्या अंगावर दर शनिवारी काटा यायचा.

या खेपेची वर्गणी होती बचावनावेसाठी. बुडत्यांना काढायला जाणारी गावाची स्वतःची नाव, गावातलेच सहाजण ती चालवतात, आणि कोणी पगार घेत नाही. जुन्या नावेचं इंजिन आता खोकायला लागलं होतं. त्या सहाजणांत एक होता रॉरी, सँडीचा मुलगा. सँडी गेला तेव्हा रॉरी चार वर्षांचा होता. त्याची आई वर्षभरात दुसऱ्या माणसाबरोबर कॅनडाला गेली, पोर नेटा आणि डॉडच्या पदरात पडलं. डॉडनंच त्याला बुटाची नाडी बांधायला शिकवलं, वल्हं धरायला शिकवलं, पहिल्यांदा दारू पिऊन आला तेव्हा त्याच्या डोक्यावर थंड पाण्याची बादलीही डॉडनंच ओतली. आता रॉरी समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला होता आणि वर्गणी समितीचा अध्यक्षही झाला होता. डॉड गेल्यापासून रोज संध्याकाळी तो आत्याकडे जेवायला यायचा. दार ढकलून थेट आत, आणि थेट डॉडच्या खुर्चीत.

तर गावच्या उन्हाळी जत्रेच्या आदल्या आठवड्यात चर्चच्या सभागृहात समितीची बैठक भरली. चहा होता, लोण्याची बिस्किटं होती, आणि रॉरीच्या चेहऱ्यावर लहान पोराला जुनं खेळणं सापडावं तसा आनंद होता.

"ऐका सगळे," तो म्हणाला. "एडिंबराच्या न्यासाचं काय ठरलंय ते माहीतच आहे. अर्धी नाव ते देणार, अर्धी गावानं जमवायची. आपली होडी काठीच्या मध्यावर तीन वर्षं लटकलीय. आता बातमी अशी की जिल्हा परिषदेनं आपल्याला अनुदान मंजूर केलंय. ते अनुदान होडीत मोजलं, जत्रेची कमाई घातली, की होडी घंटेला लागली! शनिवारी जत्रेत, सगळ्यांच्या देखत."

दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. नेटानं हातातलं बिस्किट बशीत ठेवलं.

"परिषदेचे पैसे गावाचे कसे रे?" ती म्हणाली.

"आपल्या करातूनच येतात ना आत्या? अर्ज आपण लिहिला, खेटे आपण घातले. वर्गणी म्हणजे शेवटी मिळालेला पैसा. तो डब्यातून आला काय नि परिषदेतून आला काय!"

"न्यासाचं म्हणणं आहे लोकांच्या हातून आलेला हवा."

"मी फोन केला होता त्यांच्या माणसाला. तो म्हणाला, अडचण येऊ नये."

"येऊ नये म्हणाला, की येणार नाही म्हणाला?"

"झालं!" रॉरी हसला. "डॉडकाकांच्या सोबत राहून तूही खजिनदार झालीस. अगं, लोक कंटाळलेत. ती अर्धवट लटकलेली होडी बघून तोंड फिरवून जातात. परवा गुत्त्यात एकजण म्हणाला, ही नाव येईपर्यंत आम्ही सगळे पोहायला शिकून घेऊ. माणसाला जिंकणाऱ्याच्या मागे जायचं असतं, आत्या. वर पोचलेली होडी दिसली तर उभारी येईल. आणि खरं सांगू? डॉडकाका असते तर त्यांनी हे अनुदान मोजलंच असतं."

हे ऐकल्याबरोबर खोलीतल्या म्हाताऱ्यांची तोंडं अशी झाली की जणू कोणी बंदरावर उभं राहून पाद्र्याचं नाव घेतलं. आमच्याकडे बंदरावर पाद्री, डुक्कर आणि बुडालेला माणूस यांची नावं घेत नाहीत. चुकून घेतलीच तर चटकन गार लोखंडाला हात लावायचा. बर्टी रेड या सत्तरीच्या म्हाताऱ्यानं तर खरोखर खुर्चीचा लोखंडी पाय धरला. मोराग नावाची आमची पाद्रीणबाई समितीत होती, ती ग्लासगोहून नुकती आलेली, तिला यातलं काही कळलं नाही. तिनं मोठ्या आदरानं विचारलं, "नेटाबाई, तुमचा विरोध आहे, पण कारण काय? कारण सांगा ना."

नेटानं बर्टीकडे पाहिलं. बर्टीनं खिडकीबाहेर पाहिलं. बाकीच्या म्हाताऱ्यांनी चहात पाहिलं. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, आणि गेली पंचवीस वर्षं कोणाच्या तोंडून चकार शब्द निघाला नव्हता. झाकली मूठ म्हणतात ती अशी. आत सव्वा लाख नव्हते, आत डॉडची अब्रू होती.

"कारण काही नाही," नेटा म्हणाली. "मला नको वाटतं, एवढंच."

हात वर झाले. तिचा एकटीचा झाला नाही. रॉरी दुखावला, पण त्यानं ते दाखवलं नाही, उलट जाताना तिच्या खांद्यावर शाल नीट केली. तेच तिला जास्त लागलं.

घरी आल्यावर नेटा बराच वेळ कोट न काढताच बसली. वारा ईशान्येचाच होता. टक टक. टक.

सँडी गेला त्या वर्षीही असंच होतं. नाव हीच, वर्गणी अशीच, आणि परिषदेचं अनुदानही असंच ऐन वेळी आलं होतं. होडी मध्यावर अडली होती आणि गाव कंटाळलं होतं. डॉड म्हणाला, मोजून टाकू, पैसा तो पैसा. सगळ्यांनी माना डोलावल्या, नेटानंही. लंकेतल्या सोन्याच्या विटा आपल्याच समजून इथं घर बांधायला काढावं तसा प्रकार, पण त्या दिवशी कोणाला तसं वाटलं नाही. डॉडनं होडी ओढली, घंटा वाजली, डबे आत आले. नेटानं त्या दिवशी मांस भरलेले पाव भाजले होते, आणि सँडी चार पाव खाऊन म्हणाला होता, "ताई, आता नवी नाव आली की तुला फिरवून आणतो."

पानगळीत न्यासाची माणसं आली. एवढंच विचारलं त्यांनी, यातलं लोकांच्या हातून किती आलं? जेवढं आलं होतं तेवढं पुरेसं नव्हतं. त्यांचा अर्धा वाटा दुसऱ्या कुठल्या बंदराला गेला. डबे पुन्हा बाहेर ठेवून पाहिले, पण घंटेनंतर कोण देतो? उन्हाळ्यात हसत पौंड टाकणारी माणसं डब्याकडे पाठ करून उभी राहायची. मग हिवाळा आला. एका मालवाहू बोटीची हाक आली, जुनी नाव निघाली, आणि भर लाटांत तिचं इंजिन बंद पडलं. बर्टी परत आला. आणखी चौघं आले. नाव ओढून आणली, इंजिन दुरुस्त झालं. सँडी आला नाही.

आणि एवढं सगळं होऊनही ती लाल होडी वरच होती. काठीच्या टोकाला, घंटेला चिकटून. अख्खा हिवाळा. खाली घ्यायची म्हणजे तोंडानं कबूल करायचं, म्हणून कोणी दोरीला हात लावेना. प्रेताशिवाय सँडीसाठी अंत्यप्रार्थना झाली तेव्हा सगळं गाव धक्क्यावर डोक्यावरच्या टोप्या काढून उभं होतं, आणि डोक्यावर ती होडी सांगत होती की पैसा पुरा जमला, काळजी नको. वसंतात दोरी कुजून होडी आपोआप खाली पडली. डॉड रोज सकाळी भिंतीसमोर जाऊन उभा राहायचा. तो काय बघतो हे नेटानं कधी विचारलं नाही.

विचारायला हवं होतं. शिव्या द्यायला हव्या होत्या. माझ्या भावाला खाल्लंस मेल्या, असं एकदा ओरडून बोलली असती तर तो माणूस रडला तरी असता. तो वाट बघत होता, तिला दिसत होतं. जेवताना चमचा थांबवून तो तिच्याकडे बघायचा, आणि ती म्हणायची, मीठ हवं का? वीस-बावीस वर्षं मीठ हवं का! शेवटी दवाखान्यात, शुद्ध जाता-येता असताना, त्यानं तिचं मनगट धरलं आणि म्हणाला, "नेटा, होडी खाली घे गं."

"घेतली रे. केव्हाच घेतली."

"नाही घेतली," तो म्हणाला. "मला दिसतेय."

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी रॉरी आला तो हाताला वंगण लावून. कप्पीला तेल घालून आला होता. डॉडच्या खुर्चीत बसला, ओटच्या भाकरीचा तुकडा सुपात बुडवला. धुरावलेल्या हॅडॉक माशाचं सूप, त्याच्या आवडीचं.

"उद्या दोरी तू ओढायचीस," तो म्हणाला. "रुसू नकोस गं आत्या. आणि मी भाषणात सांगणार आहे, की ही होडी डॉडकाकांसाठी. नव्या नावेला त्यांचंच नाव द्यायचं माझ्या मनात आहे. आवडेल ना त्यांना?"

नेटानं पळी खाली ठेवली. तिला वाटलं, आत्ता म्हणावं, छान होईल, आणि मीठ हवं का विचारावं. तेच सोपं होतं. एका बाजूला मेलेल्या माणसाचं नाव होतं, या पोराच्या मनातला एकमेव बाप होता. आणि दुसऱ्या बाजूला हे पोर होतं, जे पुढच्या हिवाळ्यात त्याच खोकणाऱ्या इंजिनावर बसून लाटांत जाणार होतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. वंगणानं काळी झालेली नखं सँडीचीच होती.

"रॉरी, अनुदान मोजायचं नाही."

"पुन्हा तेच?"

"तुझे बाबा गेले त्या वर्षी मोजलं होतं."

मग ती बोलत गेली. थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून थांबली नाही. घंटा, डबे, पानगळीत आलेली माणसं, इंजिन. रॉरी ऐकत होता. सुपावर साय धरली.

"कोणी मोजलं?" त्यानं विचारलं. विचारताना त्याला उत्तर माहीत झालेलं होतं.

"आम्ही सगळ्यांनीच माना डोलावल्या. मीही."

"मोजलं कोणी, आत्या?"

"डॉडनं."

तो उठला नाही. खुर्चीच्या हातांवर त्याचे हात होते, ते त्यानं सावकाश उचलून मांडीवर घेतले.

"आणि मग त्यांनी मला सांभाळलं," तो म्हणाला. "त्यासाठी? म्हणजे मी काय होतो मग, दंड?"

"अरे नाही रे बाळा! जीव होता त्याचा तुझ्यावर."

"दोन्ही असेल," रॉरी म्हणाला. "तुला कधीपासून ठाऊक?"

"त्या दिवसापासून."

"आणि तू त्याला रोज वाढत होतीस."

"रोज."

तो गेला. दार त्यानं आपटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं ते हळूच ओढून घेतलं.

शनिवारी जत्रा भरली. ऊन होतं, बँड होता, पोरं तळलेले मासे खात कठड्यावर बसली होती. होडी घंटेला लागणार ही बातमी फुटलीच होती, आमच्या गावात फुटत नाही असं काय आहे? भिंतीसमोर ही गर्दी. रॉरी आला, कोणाशी बोलला नाही, आणि नेटाच्या आधी त्यानंच दोरी हातात घेतली. होडी मध्यावरून निघाली. जत्रेची कमाई घातल्यावर जेवढी चढायची तेवढी चढली आणि थांबली. घंटा अजून बरीच वर होती.

"ओढ की!" गर्दीतून कोणी ओरडलं. "रात्री जेवला नाहीस काय?"

"ओढ रे रॉरी! ओढ!"

त्यानं दोरी खुंटीला बांधली. दोन गाठी मारल्या.

"परिषदेचे पैसे यात नाहीत," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण बँड थांबला होता. "ते वेगळ्या फळीवर लिहू. ते गावानं दिलेले नाहीत. आधी एकदा आपण ते यात मोजले होते, आणि होडी घंटेला लावली होती. त्या हिवाळ्यात जुन्या नावेत माझे बाबा होते. सँडी मेअर."

बंदरावर, भर धक्क्यावर, त्यानं बुडालेल्या माणसाचं नाव घेतलं. आणि मी सांगतो, तिथं असलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याचा हात कठड्याच्या लोखंडावर गेला. सगळ्यांचा एकदम. मोरागबाईनंसुद्धा, काही न कळता, पण धरलं. आता कोणी मोजलं ते तो सांगणार, म्हणून नेटानं डोळे मिटून घेतले.

"आपण मोजलं होतं," रॉरी म्हणाला. "आपण. डबे बाहेरच राहतील."

मग बर्टी रेड काठी टेकत पुढे आला. त्यानं पाकीट काढलं, नोट डब्याच्या फटीत जाईना, ती त्यानं दाबून घातली. "मी त्याचा हात धरला होता," तो रॉरीला म्हणाला. "सुटला." पंचवीस वर्षांत तो हे पहिल्यांदा बोलला, आणि पुन्हा कधी बोलला नाही. त्याच्यामागे रांग लागली.

त्या संध्याकाळी वारा पडला होता. नेटानं सवयीनं दोन ताटल्या मांडल्या, मग एक उचलून ठेवली, मग पुन्हा मांडली. रॉरी येणार नाही हे तिनं मनाशी धरलंच होतं. सूप निवत आलं.

टक टक. मग जरा थांबून, टक.

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. होडी जागच्या जागी होती, पान हलत नव्हतं. बंद दाराकडे बघत ती उभी राहिली, आणि तिच्या तोंडातून आपोआप निघालं, "सँडी?"

"मी आहे, आत्या."

तिनं दार उघडलं. रॉरी पायरीवर उभा होता, टोपी हातात घेऊन, परक्या घरी येतात तसा.

"अरे, कडी तर लावलेली नव्हती. वाजवलंस कशाला?"

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "येऊ का आत?"

तो आला. डॉडच्या खुर्चीला वळसा घालून चुलीपाशी गेला, तिथलं बुटकं स्टूल ओढून त्यावर बसला. तिनं वाढलं, त्यानं खाल्लं. मीठ हवं का, हे तिनं विचारलं नाही.

गावाचा वाटा पुरा व्हायला आणखी दीड वर्ष लागलं, आणि तो डब्यांतूनच झाला. नवी नाव आली, ती चांगली चालते, तिच्यावर कोणाचंच नाव घातलेलं नाही. रॉरी अजूनही रोज संध्याकाळी आत्याकडे जेवायला येतो. स्टुलावर बसतो. आणि येताना दरवेळी दार वाजवतो.